खेळणे कशास म्हणावे? सीमाशुल्क दरपत्रकातील बालखेळण्यांचे वर्गीकरण आणि यवतमाळ जिल्हा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

आर्थिक इतिहासाच्या अभ्यासात कापूस, कापड, साखर, लोखंड यांवरील जकातीची चर्चा विपुल झाली आहे. त्या मानाने लहान मुलांच्या खेळण्यांकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. खेळणी ही क्षुल्लक वस्तू, तिच्यावरील कर तो काय आणि त्याचा इतिहास तो काय, अशी सर्वसाधारण धारणा यामागे असावी. वस्तुतः कोणत्या वस्तूस खेळणे म्हणावे आणि कोणत्या वस्तूस म्हणू नये हा प्रश्न गेली शंभराहून अधिक वर्षे राज्यसंस्थेपुढे आहे. त्याचे उत्तर तिने प्रत्येक काळात आपापल्या गरजेनुसार दिले आहे. प्रस्तुत लेखात या उत्तरांचा मागोवा घेतला असून, त्यासाठी यवतमाळ या समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या, कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्याची पार्श्वभूमी निवडली आहे. बंदर नसलेल्या जिल्ह्याचा सीमाशुल्काशी संबंध काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु शुल्क बंदरावर वसूल होत असले तरी त्याचा भार अंतिमतः बाजारपेठेतील ग्राहकावर पडतो आणि त्याचा लाभ अथवा तोटा गावातील कारागिरास होतो. त्यामुळे दरपत्रकाचा इतिहास बंदराइतकाच अंतर्भागातूनही पाहिला पाहिजे.

वसाहतकालीन दरपत्रक : खेळणी, छर्रे आणि धनुष्यबाण

आजचा यवतमाळ जिल्हा १८६४ मध्ये वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा म्हणून अस्तित्वात आला. पुढे वणी (वून) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याचे १९०५ मध्ये यवतमाळ असे नामकरण झाले. वऱ्हाड हा प्रांत नाममात्र निजामाचा, कारभार इंग्रजांचा, अशी विलक्षण व्यवस्था १८५३ पासून होती. १९०२ च्या करारान्वये तो कायम भाडेपट्ट्याने घेण्यात आला व १९०३ मध्ये मध्यप्रांतास जोडण्यात आला. सार्वभौमत्वाचा हा घोळ कागदोपत्री कितीही सूक्ष्म असला, तरी मुंबई बंदरातून आत येणारा माल वऱ्हाडात पोहोचण्यापूर्वीच ब्रिटिश हिंदुस्थानची जकात भरून मोकळा झालेला असे.

मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. यवतमाळ ते मूर्तिजापूर हा सुमारे ११३ किलोमीटरचा अरुंद मापी फाटा १९०३ मध्ये सुरू झाला. किलिक निक्सन या कंपनीच्या व्यवस्थापनाखालील आणि पुढे ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने ओळखली गेलेली ही गाडी मुख्यतः कापसासाठी होती. येथील कापूस मूर्तिजापूरमार्गे मुंबईस आणि तेथून विलायतेस जाई. ज्या रुळांवरून कापूस गेला त्याच रुळांवरून परतीचा माल आला, हे सांगण्यासाठी वेगळ्या पुराव्याची गरज नाही. मँचेस्टरचे कापड हा त्या परतीच्या मालाचा ठळक भाग होय. पत्र्याची खेळणी, बाहुल्या, काचेच्या गोट्या या त्यातील किरकोळ जिनसा. पहिल्या महायुद्धापूर्वी जगातील खेळण्यांच्या व्यापारात जर्मनीचा, विशेषतः न्यूरेंबर्गचा, वरचष्मा होता. युद्धाने ती वाट बंद केली आणि पोकळी जपानी मालाने भरून काढली.

१८९४ च्या भारतीय जकात अधिनियमाने बहुतेक आयात मालावर मूल्याच्या ५ टक्के इतके सरसकट शुल्क बसविले. अशा व्यवस्थेत वर्गीकरणाला फारसे महत्त्व नसते, कारण वस्तू कोणत्याही नोंदीत गेली तरी दर तोच राहतो. वर्गीकरणाचे वाद जन्म घेतात ते दर वेगवेगळे झाल्यावर. महायुद्धानंतरच्या तुटीच्या अर्थसंकल्पांनी ती परिस्थिती निर्माण केली. १९२२ मध्ये चैनीच्या वस्तूंवरील शुल्क ३० टक्क्यांवर नेण्यात आले आणि मोटारी, रेशमी कापड, घड्याळे यांच्या पंगतीत खेळण्यांना बसविण्यात आले. मुलाच्या हातातील भिरभिरे आणि जमीनदाराच्या दारातील मोटार या दोहोंस एकाच मापाने मोजणारी ही दृष्टी महसुलाची होती, यात शंका नाही.

त्या काळच्या दरपत्रकातील खेळण्यांची नोंद मुळातून पाहण्यासारखी आहे. खेळणी, खेळ, पत्ते आणि क्रीडासाहित्य यांच्या जोडीला पक्षी मारण्याचे छर्रे, खेळण्यातील तोफा, १८७८ च्या शस्त्र अधिनियमातून वगळलेल्या हवेच्या बंदुका व पिस्तुले आणि अखेरीस धनुष्यबाण, असा सारा संसार एकाच नोंदीत कोंबलेला आढळतो. १९३४ च्या अधिनियमानेही ही नोंद पुढे चालविली. तिच्या मुळाशी मूल नसून शस्त्र अधिनियम आहे. जे हत्यार म्हणून परवान्यास पात्र नाही, ते खेळणे, असे हे नकारात्मक लक्षण होय. यवतमाळसारख्या जिल्ह्यात गोंड, कोलाम या आदिवासी समाजांच्या हातातील धनुष्यबाण हे खेळणे नव्हते, उपजीविकेचे साधन होते. ते आयातही होत नव्हते. परंतु लंडनच्या क्रीडासाहित्याच्या दुकानातील धनुष्य डोळ्यांपुढे ठेवून दरपत्रक लिहिणाऱ्यास धनुष्याचा दुसरा अर्थ सुचू नये, ही बाब वसाहतीच्या कायदेकारांविषयी बरेच काही सांगून जाते.

नामावलीचे युग

१९३४ चा अधिनियम स्वातंत्र्यानंतरही जवळजवळ तीन दशके टिकला. या काळात त्याच्या दरांना खेळण्यांपुरते तरी दुय्यम महत्त्व होते. १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण अधिनियमाखालील परवाना पद्धतीने उपभोग्य वस्तूंची आयात मुळातच रोखली होती. जी वस्तू देशात येऊच शकत नाही, तिचा दर किती याला अर्थ उरत नाही.

सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ हा २ ऑगस्ट १९७६ पासून अमलात आला. त्याने जुन्या संमिश्र नोंदी टाकून ब्रुसेल्स नामावलीचा आधार घेतला. त्या नामावलीत खेळण्यांचे प्रकरण ९७ वे होते. १९८६ मध्ये भारताने सुसंवादित प्रणालीवर आधारलेले दरपत्रक स्वीकारले आणि खेळणी ९५ व्या प्रकरणात आली. तीच रचना केंद्रीय उत्पादन शुल्काच्या दरपत्रकासही लागू झाली. पूर्वीचे दरपत्रक म्हणजे महसूल अधिकाऱ्याने केलेली यादी होती. नवे दरपत्रक हे जगातील यच्चयावत वस्तूंना एकेक, आणि केवळ एकच, जागा देण्याचा दावा करणारे शास्त्र झाले. या शास्त्राचे सहा अन्वयार्थ नियम आहेत. सामान्य वर्णनापेक्षा विशिष्ट वर्णन श्रेष्ठ, संमिश्र वस्तूत मूलभूत स्वरूप देणारा घटक निर्णायक, आणि तरीही निर्णय न झाल्यास क्रमाने शेवटी येणारे शीर्षक ग्राह्य, असा त्यातील तिसऱ्या नियमाचा आशय आहे. मीमांसकांच्या अन्वयपद्धतीशी परिचित असलेल्या वाचकास हे नियम परके वाटणार नाहीत.

या शास्त्राची गंमत समजण्यासाठी वणीच्या रंगनाथस्वामींच्या अथवा कळंबच्या चिंतामणीच्या जत्रेतील एखाद्या दुकानाची कल्पना करावी. तेथील माल आयात केलेला आहे असे क्षणभर मानू. पतंग, फुगे, पाण्याची पिचकारी आणि तीनचाकी सायकल ९५०३ या शीर्षकात जातील. दुचाकी मात्र मुलाची असली तरी ८७१२ मध्ये, वाहनांच्या प्रकरणात जाईल. टिकल्यांचे पिस्तूल खेळण्यांत, पण त्यातील टिकल्या फटाक्यांबरोबर ३६०४ मध्ये. शिट्टी ९२०८ मध्ये, वाद्यांच्या शेजारी. पत्त्यांचा जोड ९५०४ मध्ये आणि जादूच्या प्रयोगाचे व फसवाफसवीच्या गमतीचे साहित्य ९५०५ मध्ये. बाजूचा आकाशपाळणा ९५०८ मध्ये. कुत्र्यासाठी बनविलेले रबरी हाडूक खेळणे असूनही खेळण्यांच्या शीर्षकाबाहेर, कारण केवळ प्राण्यांसाठी अभिप्रेत असलेल्या वस्तू त्या प्रकरणाच्या टीपेने स्पष्टपणे वगळल्या आहेत. दुकानदाराच्या लेखी हा सारा ‘खेळण्यांचा माल’ आहे. दरपत्रकाच्या लेखी त्याच्या एका पथारीवर पाच-सहा प्रकरणे मांडलेली आहेत.

सुसंवादित प्रणालीत आरंभी चाकांची खेळणी ९५०१, केवळ मानवाकृती बाहुल्या ९५०२ आणि इतर खेळणी ९५०३ अशी तीन शीर्षके होती. बाहुली आणि खेळणे यांतील ही भिंत किती विचित्र वाद निर्माण करू शकते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. टॉय बिझ या कंपनीने आयात केलेल्या एक्स-मेन आदी चित्रकथांतील पात्रांच्या आकृती मानवाच्या की मानवेतर, हा प्रश्न तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयापुढे गेला. बाहुल्यांवर १२ टक्के आणि इतर खेळण्यांवर ६.८ टक्के शुल्क होते. २००३ मध्ये न्यायालयाने ही पात्रे मानव नसल्याचा निर्वाळा दिला. आपले नायक माणूस नाहीत असे कंपनीनेच शपथेवर सांगावे, याचे त्या कथांच्या चाहत्यांना वाईट वाटल्यास नवल नाही. २००७ च्या सुधारणेत ही तिन्ही शीर्षके ९५०३ मध्ये एकवटली आणि हा वाद इतिहासजमा झाला.

भारतातील तुल्य उदाहरण मुंबईचे आहे. प्लेझंटाइम प्रॉडक्ट्स विरुद्ध केंद्रीय उत्पादन शुल्क आयुक्त या प्रकरणात ‘स्क्रॅबल’ हे कोडे आहे की फलकावरचा खेळ, हा प्रश्न होता. कोडी ९५०३ मध्ये, तर फलकावरील खेळ ९५०४ मध्ये येत असत. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कोडे नसून खेळ असल्याचे ठरविले. मराठी घरांतून शब्दकोडे आणि स्क्रॅबल एकाच सुटीत, एकाच सतरंजीवर चालतात. न्यायालयास मात्र त्यांतील भेद शोधावा लागला, कारण कराचा दर त्यावर अवलंबून होता.

बंदी, मानके आणि ७० टक्के

जागतिक व्यापार संघटनेतील वादात भारताचे संख्यात्मक निर्बंध १९९९ मध्ये असमर्थनीय ठरले आणि १ एप्रिल २००१ पर्यंत ते टप्प्याटप्प्याने उठले. परवान्याचे दार उघडताच दर आणि वर्गीकरण यांस पुन्हा महत्त्व आले. त्यानंतरच्या दोन दशकांत स्वस्त प्लास्टिक खेळण्यांचा, मुख्यतः चीनमधून, जो ओघ सुरू झाला, त्याचा अनुभव प्रत्येक तालुक्याच्या बाजारपेठेने घेतला आहे.

या ओघावर शासनाने निरनिराळी साधने वापरून पाहिली. २३ जानेवारी २००९ रोजी चीनमधील खेळण्यांच्या आयातीवर सहा महिन्यांची बंदी घालण्यात आली. पण मार्चच्या आरंभीच मानकांचे प्रमाणपत्र असलेल्या मालास ती शिथिल झाली. २०१७ मध्ये भारतीय मानकांची अट आयातीस जोडली गेली. २०२० च्या अर्थसंकल्पाने ९५०३ वरील मूळ सीमाशुल्क २० वरून एकदम ६० टक्के केले आणि २०२३ मध्ये ते ७० टक्के झाले. दरम्यान खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला व देशी-विदेशी असा भेद न करता मानक चिन्ह सक्तीचे झाले.

या उपायांच्या यशाविषयी शासनाने २०२२ मध्ये जी आकडेवारी प्रसिद्ध केली, ती वर्गीकरणाच्या दृष्टीने बारकाईने वाचली पाहिजे. ९५०३ या एका शीर्षकाखालील आयात २०१८-१९ मधील ३०.४ कोटी डॉलरवरून २०२१-२२ मध्ये ३.६ कोटी डॉलरवर आली. ही घट सुमारे ८८ टक्के होते. ९५०३, ९५०४ व ९५०५ ही तिन्ही शीर्षके एकत्र घेतल्यास आयात ३७.१ कोटींवरून ११ कोटी डॉलरवर आली, म्हणजे घट सुमारे ७० टक्के. चर्चा येथेच थांबते. परंतु एका रकमेतून दुसरी वजा केल्यास ९५०४ आणि ९५०५ यांची मिळून आयात ६.७ कोटींवरून ७.४ कोटी डॉलर झाल्याचे दिसते. म्हणजे पडद्यावरील खेळ, पत्ते, उत्सवाच्या व गमतीच्या वस्तू यांची आयात घटली नाही, किंचित वाढलीच. दरवाढ ९५०३ पुरती होती, घटही तेथेच झाली. एका शीर्षकाचा माल दुसऱ्यात दाखविला गेला असा आरोप या आकड्यांवरून करता येत नाही, कारण दृक्‌खेळांची मागणी स्वतंत्रपणेही वाढत होती. ‘खेळण्यांची आयात घटली’ हे विधान मात्र कोणती वस्तू खेळणे धरली आहे, हे सांगितल्याखेरीज अपुरे राहते.

तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल

यवतमाळ जिल्ह्याच्या दृष्टीने या चर्चेतील सर्वांत महत्त्वाची वस्तू कोणत्याही बंदरातून येत नाही. श्रावण अमावास्येच्या पोळ्यानंतर दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघूजींनी ही प्रथा सुरू केल्याचे परंपरेने सांगितले जाते. मुले चाके लावलेला लाकडी नंदीबैल सजवून, दोरीने ओढत आणतात. घरोघरी त्याची पूजा होते आणि मुलांना बोजारा मिळतो. हा बैल सुतार घडवितो. वर्षाचे उरलेले दिवस तो दारे-खिडक्या व शेतीची अवजारे करीत असतो.

हा नंदीबैल दरपत्रकाच्या भाषेत काय आहे? लाकडाची शोभेची आकृती म्हणून तो ४४२० मध्ये जाऊ शकेल. परंतु ४४ व्या प्रकरणाच्या टीपेने ९५ व्या प्रकरणातील वस्तू वगळल्या आहेत. उत्सवाची वस्तू म्हणून तो ९५०५ मध्ये जाऊ शकेल काय? त्या शीर्षकाच्या स्पष्टीकरणातील उदाहरणे बव्हंशी नाताळची आहेत. सणाशी निकटचा संबंध हा निकष अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयाने १९९७ मध्ये मिडवेस्ट ऑफ कॅनन फॉल्स प्रकरणात उदारपणे लावला होता. तोच निकष तान्ह्या पोळ्यास लावल्यास बैलाचा दावा भक्कम ठरतो, कारण त्या दिवसावाचून या वस्तूस प्रयोजन नाही. देवता म्हणावी, तर वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत जुलै २०१८ मध्ये दगड, संगमरवर व लाकूड यांच्या देवमूर्तींना करमाफी देण्यात आली होती, आणि नंदीची पूजा तर होतेच. शेवटी चाके आणि दोरी. ती असल्यामुळे हा बैल ओढण्याचे खेळणे ठरतो आणि ९५०३ चा दावा सर्वांत बळकट होतो. मूर्तीला चाके नसतात.

हा निव्वळ तर्काचा खेळ नाही. बैल खेळणे ठरला की गुणवत्ता नियंत्रण आदेशाच्या कक्षेत येतो. ९५०३ च्या अधिकृत स्पष्टीकरणात मुले आणि प्रौढ या दोहोंच्या करमणुकीची वस्तू खेळणे मानली आहे. मानकांच्या लेखी मात्र चौदा वर्षांखालील मुलांनी खेळावे म्हणून केलेली वस्तू ती खेळणे. तान्ह्या पोळ्याचा बैल दोन्ही व्याख्यांत बसतो. रंगातील शिसे, टोकदार कडा, सुटणारे भाग यांची तपासणी मुलांच्या हिताची आहे, याविषयी दुमत नसावे. प्रश्न आहे तो तपासणीच्या खर्चाचा आणि कागदपत्रांचा. डिसेंबर २०२० च्या दुरुस्तीने हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकनप्राप्त वस्तूंच्या नोंदणीकृत उत्पादकांना या सक्तीतून वगळले. ही सवलत योग्यच होती. तिचा लाभ कोणास होतो हे पाहण्यासाठी जिल्ह्याची दक्षिण सीमा ओलांडावी लागते. पांढरकवड्याहून राष्ट्रीय महामार्गाने आदिलाबाद ओलांडून पुढे गेले की निर्मल लागते. तेथील हलक्या लाकडाच्या रंगीत खेळण्यांना भौगोलिक मानांकन आहे. पैनगंगेच्या पलीकडच्या नोंदणीकृत कारागिरास जी सवलत वारशाच्या नावाने मिळते, ती अलीकडच्या सुतारास हवी असेल तर त्याने आधी स्वतःला हस्तकला कारागीर म्हणून नोंदवून घेतले पाहिजे. वर्षातून पंधरा दिवस बैल घडविणारा माणूस स्वतःला कारागीर समजत नाही, सुतार समजतो. वर्गीकरण येथे वस्तूंवरून माणसांवर येते.

पोळ्याच्या तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्यांमध्ये कापसाच्या भावावर आणि सरकारवर कोरडे ओढण्याची वैदर्भीय रीत जुनी आहे. ज्या दरपत्रकाच्या ९५ व्या प्रकरणात खेळण्यांना ७० टक्क्यांची तटबंदी लाभली, त्याच दरपत्रकाच्या ५२ व्या प्रकरणात कापूस आहे. २०२१ च्या अर्थसंकल्पाने कापसाच्या आयातीवर उपकर-अधिभारांसह ११ टक्के शुल्क बसविले होते. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते ३० सप्टेंबरपर्यंत माफ करण्यात आले. त्याच आठवड्यात, २२ ऑगस्टला, यवतमाळ जिल्ह्यात बैलपोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी मुलांनी लाकडी बैल ओढत आणले. २८ ऑगस्ट रोजी कापसावरील शुल्कमाफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली.